‘मानधन’ : एका शब्दाचा आरोग्य-इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांनी आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासाकडे वळावे, हे काही वाचकांना अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘खेड्यात डॉक्टर नाहीत’ या जुन्या तक्रारीवर गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत जी उत्तरे शोधली गेली, ती तपासताना आम्हांला वारंवार शब्दांपाशीच थांबावे लागले. डॉक्टरची उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांना आपण काय म्हटले? कार्यकर्ती, स्वयंसेविका, सेविका, दूत, आशा. या नामावलीत ‘कर्मचारी’ हा शब्द सहसा आढळत नाही. हा योगायोग नव्हे, असे आमचे प्रतिपादन आहे.

आरंभ एका महाराष्ट्रीय व्यक्तीपासून करावा लागतो. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. १९४३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा, विशेषतः प्राथमिक आरोग्य केंद्रांचा, आराखडा मुख्यतः त्यातून आला. समितीच्या गणनेनुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. नोंदणीकृत डॉक्टर होते सुमारे ४७,५००. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि उरलेले, म्हणजे जवळजवळ तीस हजार, ‘लायसेन्शिएट’. पदवी नसलेले, कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळवलेले वैद्यक व्यावसायिक.

या दुसऱ्या वर्गाचे पुढे काय करावे, हा समितीपुढचा कळीचा प्रश्न होता. बहुमत असे पडले की देशात यापुढे एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा. काही सभासदांनी भिन्न मत नोंदवले. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना लवकर तयार होणारा वैद्य बंद करणे परवडणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमतामागचे तत्त्व मात्र उदात्त होते: शहराला एक वैद्यक आणि खेड्याला दुय्यम वैद्यक, असा भेद नको. तत्त्व टिकले, पदवीधर वाढले आणि बहुतांशी शहरात राहिले. खेड्याच्या वाट्याला दुय्यम वैद्य येऊ नये म्हणून घेतलेल्या निर्णयानंतर अनेक खेड्यांच्या वाट्याला कोणताच वैद्य आला नाही, हा या इतिहासातील पहिला विरोधाभास होय.

दुसरे उत्तर जामखेडला मिळाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. बाहेरून आलेली प्रशिक्षित परिचारिका गावात रुजत नाही, हे ध्यानी आल्यावर त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवायला घेतले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. गर्भवतीची तपासणी, बाळाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची लवकर ओळख, हे ज्ञान त्यांच्या हाती आले आणि त्याबरोबर गावातली त्यांची जागाही बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला. पुढे १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जागतिक जाहीरनामा निघाला, त्यामागच्या अनुभवांत चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’बरोबर जामखेडचीही गणना होते.

मुंबईतून निघालेला एक धागा येथेच नोंदवला पाहिजे. जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात मुंबई बंदराच्या पलीकडे, मांडव्याच्या परिसरात, स्थानिक स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण दिले. त्या स्त्रियांनी बरेच काही करून दाखवले. पुढे स्थानिक हितसंबंध दुखावले आणि विरोधामुळे हे काम थांबवावे लागले. ज्ञान हस्तांतरित झाले की सत्ताही थोडी हलते, आणि ती हललेली सर्वांनाच रुचत नाही, एवढा धडा मांडव्याने ठेवला.

आता शासनाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. प्रशिक्षण तीन महिन्यांचे, मानधन महिना ५० रुपये. निवड बहुतेक ठिकाणी पुरुषांची झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे ते या योजनेच्या नामांतराकडे. आरंभी तो ‘वर्कर’, म्हणजे काम करणारा, होता. १९८० मध्ये त्याचा ‘व्हॉलंटियर’, म्हणजे स्वयंसेवक, झाला आणि १९८१ मध्ये ‘गाइड’, म्हणजे मार्गदर्शक. ‘काम करणारा’ म्हटले की कामाचा मोबदला, सेवाशर्ती, नोकरीत कायम होण्याचा हक्क हे सारे ओघाने येते. ‘मार्गदर्शक’ म्हटले की फक्त आदर येतो. चीननेही १९८५ मध्ये ‘अनवाणी डॉक्टर’ हे नाव सोडले. पण तेथे परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला ‘ग्रामडॉक्टर’ म्हटले गेले. तेथे नाव बदलताना दर्जा वाढवला. येथे हक्काचा शब्द तेवढा गळला.

गडचिरोलीचे उत्तर सर्वांत धीट होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत निवडक ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकाची घरीच काळजी घेण्यास शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. हे शेवटचे काम डॉक्टरच्या मक्तेदारीतले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर उतरले. २००१ मध्ये महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा जो अहवाल आला, त्याला बंग आणि सहकाऱ्यांनी नाव दिले ‘कोवळी पानगळ’. आकडेवारीच्या अहवालाला हे शीर्षक लाभल्यामुळे तो शासनदरबारी आणि वृत्तपत्रांत ऐकला गेला, असे मानण्यास जागा आहे. गडचिरोलीतील कार्यकर्त्यांचे नाव ‘आरोग्यदूत’. नामकरणाचे सामर्थ्य येथे कामाच्या बाजूने वापरले गेले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आली. मूळ इंग्रजी नावातील शेवटचे अक्षर ‘अ‍ॅक्टिव्हिस्ट’ या शब्दाचे आहे. त्याला मराठीत चळवळीचा ‘कार्यकर्ती’ हा शब्द सहज उपलब्ध होता. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत मात्र ती ‘आशा स्वयंसेविका’ झाली. २०११ पासून नवजात बालकांच्या घरभेटींचे काम देशभर तिच्याकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याच्या सात. सर्व भेटी पुऱ्या झाल्या तर २५० रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्रातील आशा मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसल्या होत्या. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मानधनात ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. वाढ झाली, शब्द तोच राहिला.

‘मानधन’ हा शब्द मुळात सुंदर आहे. व्याख्यात्याला, कवीला, परीक्षकाला जे दिले जाते, ते त्याच्या कामाचे मोल नव्हे, त्याच्या मानाप्रीत्यर्थ केलेली भेट होय, हा त्यातील भाव. व्याख्याता एक संध्याकाळ येतो आणि जातो. त्याचा चरितार्थ अन्यत्र चाललेला असतो. हाच शब्द जेव्हा रोज दारोदार फिरणाऱ्या स्त्रीला लावला जातो, तेव्हा त्याचा अर्थ उलटतो: मान आहे म्हणून धन मागू नये. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात, त्यांना मिळणारे मानधन ग्रॅच्युइटी कायद्याच्या दृष्टीने वेतनच ठरते, असा निर्णय दिला. एका शब्दाच्या अर्थनिर्णयावर हजारो स्त्रियांचे म्हातारपण अवलंबून असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण भाषेच्या वर्गात देता येणार नाही.

हा प्रश्न दूरच्या खेड्यांचा म्हणून मुंबईकराने बाजूला सारण्याचेही कारण नाही. घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीला भगवती यांसारखी रुग्णालये उपनगरांत आहेत. तरीही घाटकोपर-भांडुपच्या टेकड्यांवरील वस्त्यांत पोलिओचा डोस घेऊन, क्षयरुग्णाची चौकशी करीत जी पायऱ्या चढते, ती महापालिकेची आरोग्य स्वयंसेविकाच असते. रुग्णालय जवळ असले म्हणजे ते दारात येते असे नाही. गावातील टंचाई अंतराची, येथील टंचाई गर्दीची. दोन्हींवर योजलेला उपाय एकच, आणि त्याचे नावही एकच.

सेवा हे मूल्य आम्हांला अमान्य नाही. जामखेड आणि गडचिरोली सेवाभावातूनच उभी राहिली. पण तेथे स्त्रीला सेवेबरोबर ज्ञान, साधने आणि निर्णयाचा अधिकार मिळाला. शासकीय योजनांनी त्या प्रयोगांतून ‘सेवा’ हा शब्द तत्परतेने उचलला. अधिकार हातचे राखून दिले आणि वेतनाचे नाव टाळले. आरोग्य कर्मचाऱ्यांचा तुटवडा आजही बोलून दाखवला जातो. जी दहा लाख माणसे रोज हे काम करीत आहेत, त्यांची गणना ‘कर्मचारी’ या शब्दात कधी करायची, हे आधी ठरवावे लागेल.