तक्ता तोच, क्रम निराळा!

गुणवत्ता यादी असो वा शेअरचे भाव, संकेतस्थळांवरील बरीचशी माहिती तक्त्याच्या रूपात मांडली जाते. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की ओळींचा क्रम बदलतो. त्यासाठी 'डेटाटेबल्स'सारख्या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररींचा वापर होतो. मात्र हा क्रम कधी चुकतो, तर कधी तीच यादी दोन ठिकाणी निराळी दिसते. यामागची कारणे अशी आहेत.

संख्या की मजकूर?

जावास्क्रिप्टची मूळ 'सॉर्ट' आज्ञा, वेगळी सूचना नसल्यास, संख्यांनाही मजकूर समजते. त्यामुळे ९, ८५, १०० यांचा चढता क्रम १००, ८५, ९ असा लागतो. 'डेटाटेबल्स' रकान्याचा प्रकार स्वतः ओळखते. पण गुणांच्या रकान्यात एकाच ठिकाणी 'गैरहजर' असे लिहिले असले, तरी संपूर्ण रकाना मजकूर ठरतो. देवनागरी अंकही जावास्क्रिप्टच्या लेखी संख्या नसतात. तारखांचेही तसेच. दिवस आधी आणि दोन अंकी लिहिला, तर ०५ डिसेंबर हा १० जानेवारीच्या आधी येतो.

समान गुणांचा पेच

दोघांचे गुण समान असतील तर आधी कोण? मूळ यादीतील क्रम जपणाऱ्या पद्धतीस 'स्थिर' क्रमवारी म्हणतात. क्रोम ब्राऊजरमध्ये पूर्वी १० घटकांपर्यंत स्थिर, तर त्याहून मोठ्या यादीसाठी अस्थिर पद्धत वापरली जात असे. साहजिकच छोट्या यादीवर केलेल्या चाचणीत दोष दिसत नसे. २०१८ मधील क्रोम ७० पासून तेथे स्थिर पद्धत आली आणि २०१९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट मानकाने ती सर्वांना बंधनकारक केली.

सर्व्हरवरून पानापानाने माहिती मागवताना मात्र हा धोका आजही कायम आहे. केवळ गुणांनुसार क्रम मागितल्यास समान गुणांच्या ओळी कोणत्या क्रमाने द्यायच्या, याचे बंधन डेटाबेसवर नसते. परिणामी एखादे नाव दोन पानांवर झळकते आणि दुसरे कोणत्याच पानावर सापडत नाही. यादीत नाव शोधणाऱ्या उमेदवारासाठी ही क्षुल्लक बाब नव्हे.

'ळ'ची जागा

मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांत मात्र तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे निव्वळ क्रमांकांनुसार मांडणी केल्यास 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी लागते. मराठी क्रमानुसार ते नंतर हवे.

उपाय काय?

रकान्याचा प्रकार स्पष्टपणे नमूद करणे, दिसणाऱ्या मजकुरामागे क्रमासाठी स्वतंत्र मूल्य देणे ('डेटाटेबल्स'मध्ये त्यासाठी 'डेटा-ऑर्डर' हा गुणधर्म आहे) आणि नावांसाठी ब्राऊजरमधील भाषानिहाय तुलनेची सोय मराठीसाठी वापरणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. समान गुण असल्यास आसनक्रमांकासारखा, प्रत्येकाचा वेगळा असलेला दुसरा निकषही द्यावा लागतो. अर्थात, समान गुणांच्या दोघांत आधी कोण, हा निर्णय यादी करणाऱ्याचा आहे. तो त्याने घेतला नाही, तर यंत्र आपल्या सोयीने घेते आणि प्रत्येक वेळी तो सारखाच असेल, याची खात्री नसते.