बाळाचे पहिले अन्न : पातळ पेज की मोडाची नागली?

मुरबाड-शहापूर हा भाताचा मुलूख. त्यामुळे सहा महिने पूर्ण झाल्यावर बऱ्याच घरांत बाळाला आधी तांदळाची पेज देतात. पेज पचायला हलकी, पण तिच्यात पाणीच जास्त. एवढेसे पोट पाण्याने भरले तर अन्न जाणार कुठे? या वयात आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे 200 कॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात. म्हणून चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतके घट्ट अन्न द्यावे.

डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पिकणारी नागली, म्हणजेच नाचणी, इथे उपयोगी पडते. तिच्यात तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. ती रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मग वाळवून, हलकेच भाजून दळावी. मोड येताना तयार होणारी पाचकद्रव्ये स्टार्च तोडतात, त्यामुळे पीठ जास्त घातले तरी लापशी मऊ राहते. फार भाजल्यास हा गुण जातो. वरून चमचाभर तूप किंवा तेल घालावे.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. लोहासाठी नागलीवर विसंबू नये. घोटलेली डाळ, पालेभाजी, उकडलेले अंडेही लवकरच सुरू करावे. वर्षभर मीठ-साखर टाळावी, मध मुळीच देऊ नये. स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

कामासाठी वीटभट्टीवर मुक्काम हलवणाऱ्या कातकरी कुटुंबांनाही हे पीठ सोयीचे. कोरड्या डब्यात काही आठवडे टिकते. लापशी मात्र दर वेळी ताजीच शिजवावी.