ओतीव गोळीचे सौम्य काडतूस

शिशाच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली गोळी बसवून कमी वेगासाठी हाताने भरलेले रायफलचे काडतूस. ही परंपरा मुख्यतः अमेरिकेतली. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीचे साचे तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होते. मध्यम व्यासाच्या शिकारी रायफलींत .३५ व्हेलन (१९२२) हे याचे उत्तम उदाहरण. त्याची २५० ग्रेनची, तांब्याचे कवच असलेली गोळी सेकंदाला सुमारे ७३० मी. वेगाने जाते, ओतीव गोळीला ४००–५५० मी. पुरतात. धक्का व आवाज घटतो. गोळीचा व्यास .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गोळीइतकाच जवळपास असल्याने तिचे साचेही इथे चालतात, ही मोठीच सोय.

नुसते शिसे फार मऊ. म्हणून त्यात कथील व अँटिमनी मिसळतात, गोळीला वंगण लावतात आणि बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात. नाहीतर तप्त वायू कडेने निसटतो, शिसे नळीच्या सर्पिल खाचांत चिकटते आणि नेम बिघडतो.

खरा धोका काडतुसाच्या मोठ्या पुंगळीतल्या थोड्या दारूचा. चुकून दुप्पट दारू पडली तरी पुंगळी भरलेली दिसत नाही, आणि रायफल फुटू शकते. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहिलेच पाहिजे. मंद जळणारी दारू मनाने कमी करणेही घातक. प्रमाण प्रसिद्ध तक्त्यांतलेच घ्यावे.