बोरन्हाणाची टोपली

यंदाच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. औंढ्यात आमच्या आळीत एका घरी नातवाचे बोरन्हाण होते. अंगात काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, अशा थाटात बाळराजे पाटावर बसले होते. आजीबाईंनी टोपली त्यांच्या डोक्यावर रिती केली आणि गल्लीतली पोरे तुटून पडली. क्षणात सतरंजीवरची चॉकलेटे, रंगीत गोळ्या नाहीशा झाल्या. बोरे तेवढी जागच्या जागी राहिली. ती पदरात वेचीत आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या वेळी यांच्यासाठी भांडणं व्हायची हो!"

मुलांना गोळ्यांऐवजी पौष्टिक काय द्यावे, असा प्रश्न आजकालच्या आईबापांना पडतो. त्याचे उत्तर त्या पदरात होते.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहानग्याला बोरन्हाण घालतात. कोठे त्यालाच बोरलूट म्हणतात. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, थोडा हलवा, अशी ती टोपली. शेत त्या महिन्यात जे देते तेच तिच्यात. बोरात 'क' जीवनसत्त्व, शेंगेत आणि हरभऱ्यात प्रथिने. महाशिवरात्रीला औंढ्याची यात्रा भरते, तेव्हाही शंकराला बोर आणि कवठच वाहण्याची आपल्याकडे चाल आहे. देवाचा खाऊ आणि पोराचा खाऊ एकाच रानातला!

ही टोपली अनादि काळापासून जशीच्या तशी आहे, असे मात्र कोणी समजू नये. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तरी तो आपल्या मातीत रुजला आणि मुकाट्याने टोपलीत येऊन बसला. उलट साखर आपली. संस्कृतातले 'शर्करा' आणि 'खंड' हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात पोचले, आणि एकाचा 'शुगर' तर दुसऱ्याचा 'कँडी' झाला. तेव्हा गोळी परकी म्हणून तिच्यावर रुसण्यात अर्थ नाही.

फरक पडला तो साखर स्वस्त झाल्याने. मुंबईत पार्ल्याला १९२९ साली गोळ्यांचा कारखाना निघाला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला जावाच्या साखरेपासून संरक्षण मिळाले. लगोलग १९३३ मध्ये वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावचा उद्योग उभारला. त्या गावाच्या नावाच्या गोळ्या पुढे घरोघर गेल्या. नंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखान्यांची रांग लागली, ती आमच्या शेजारच्या वसमतपर्यंत आली. शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण सणासुदीला जिभेवर येणारी साखर रोजची झाली, आणि सणाच्या टोपलीतही तीच शिरली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे! या हिशेबात गूळही धरायचा. मुलाचा वाटा तर याहूनही लहान.

आणखी एक सांगतो. बोरन्हाण बाळाचे असले तरी खाऊ वेचणारी पोरे मोठी असत. पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात अख्खा शेंगदाणा, बोराची आठळी किंवा कडक गोळी जाऊ देऊ नये. ती घशात अडकते. त्याला सोललेल्या फळाची मऊ फोड द्यावी.

आता दिवाळी आली आहे. बोरांना अजून अवकाश आहे. पण बाजारात सीताफळे आहेत, पेरू आहेत, शिंगाडे आहेत, नव्या भुईमुगाच्या शेंगा आहेत, लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या तर घरातच आहेत. भाऊबिजेला भाच्यांसाठी टोपली भराल, तेव्हा वर एखादा लाडू खुशाल ठेवा. खाली मात्र रान असू द्या.

आजीबाईंची ती बोरे मी दुसऱ्या दिवशी वर्गात नेली. मधली सुट्टी संपण्याआधी टोपली रिकामी झाली होती. आणि हो, शेवटच्या बोरासाठी भांडणही झाले.