खर्जाचे सेवक

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत पूर्वींच्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें असतात, कोनशिला केव्हां बसविली त्याची तारीख असते, देणगीदारांची यादी असते. आणि तें सर्व यथायोग्यच आहे. परंतु ज्या सणांच्या आठवणीनें आपलें मन अद्यापि भरून येतें, त्या सणांत वाद्यें कोणीं वाजविलीं, हें मात्र सहसा कोठें लिहिलेलें नसतें. त्यांतही गाणाऱ्याचें नांव कोणाच्या तरी स्मरणांत राहतें, व्हायोलिन वाजविणारा आठवतो. सर्वांच्या मागें उभा राहून खर्जाचे स्वर देणारा बासवाला मात्र कोणासच आठवत नाहीं. म्हणून या शुभप्रसंगीं त्याच्या व्यवसायाचा थोडा इतिहास व त्याच्या नित्य आयुष्याची थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खर्ज म्हणजे काय हें आपल्या लोकांस निराळें सांगावयास नको. तंबोऱ्याच्या शेवटच्या तारेचा तो गंभीर घोष चालू असला कीं गाणाऱ्याचा सूर आपोआप ठिकाणावर राहतो. पाश्चात्य वाद्यवृंदांत हेंच काम बास करतो. त्याचें थोरलें रूप जो डबल बास, तो व्हायोलिनच्या घराण्यांतील सर्वांत मोठा. उभा केला असतां माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी त्याची उंची, त्यास जाड अशा चार तारा, आणि त्यांतील सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें देणारी. मनुष्याचा कान सुमारें २० कंपनांच्या खालीं कांहीं ऐकत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा स्वर किती खोलांतून येतो तें कळेल. तो कानास जितका ऐकूं येतो तितकाच छातीस जाणवतो. तो चालू असतां कोणाचें त्याकडे लक्ष जात नाहीं. तो थांबला कीं मात्र, 'गाणें एकाएकीं पोकळ कां वाटूं लागलें?' असें सर्वांस वाटतें.

जळगांवांत किंवा धुळ्यांत ज्याचें लहानपण गेलें, त्यानें बास पाहिलेला नाहीं असें होणार नाहीं. मात्र तो लांकडाचा नव्हे, पितळेचा. वरातीच्या पुढें चालणाऱ्या बँडांत क्लॅरिओनेट व कॉर्नेट हीं गाण्याची चाल वाजवितात. त्यांच्या मागें युफोनियम, आणि अंगाभोंवतीं वेटोळें घातलेला सूझाफोन, हे खर्ज सांभाळतात. डबल बास घेऊन रस्त्यानें चालतां येत नाहीं, म्हणून चालत्या बँडांत हें काम पितळेकडे आलें. ही पद्धत ब्रिटिश अमदानींतील लष्करी बँडांपासून आपल्याकडे आली व लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोंचली. त्या बँडवाल्याचें वर्ष पंचांगावर चालतें. तुलसीविवाह झाला कीं सुपारी घेऊन लोक येऊं लागतात, इसार दिला जातो, आणि आषाढी एकादशीपर्यंत जे मुहूर्त निघतील त्यांवर वर्षाची मिळकत ठरते. चातुर्मास लागला कीं लग्नाचें काम थांबतें; मग गणपतीची मिरवणूक येईपर्यंत मजुरी, शेतीचें काम किंवा दुकानांतील उमेदवारी यांवर दिवस काढावयाचे.

या व्यवसायांत जो कॅथलिक असेल त्यास एक नव्हे, दोन पंचांगें पाहावीं लागतात. आपल्याकडे आगमनकाळांत व प्रायश्चित्तकाळांत लग्नाचे समारंभ करीत नाहींत. म्हणजे नाताळापूर्वींचे चार आठवडे व ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस ख्रिस्ती घरचें काम बंद. परंतु याच चाळीस दिवसांच्या आगेंमागें हिंदू घरांतील माघ-फाल्गुनाचे मुहूर्त असतात, आणि पुढें वैशाख तर मुहूर्तांनीं गजबजलेलाच. एका घरचा उपवास दुसऱ्या घरच्या मंगलकार्यानें भरून निघावा आणि त्यावर वादकाच्या मुलांचें पोट चालावें, अशी ही व्यवस्था कोणीं मुद्दाम केलेली नाहीं. पण खानदेशांतील मिश्र वस्तींत ती आपोआप घडून आलेली आहे.

वैशाखांतील काम म्हणजे काय, हें खानदेशाबाहेरच्या माणसास सांगून कळणार नाहीं. तापीच्या कांठीं उन्हाळ्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हांत पितळेच्या वाद्याला हात लावतां येत नाहीं. त्याखेरीज आणखी एक अडचण आहे. हवा तापली म्हणजे फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचा सूर वर चढतो, आणि तारांच्या वाद्यांच्या तारा उष्णतेनें सैल पडून त्यांचा सूर खालीं उतरतो. मांडवांत दोन्ही प्रकारचीं वाद्यें एकत्र बसलीं असतां तीं एकमेकांपासून दूर पळूं लागतात, आणि बासवाल्यास दर गाण्यानंतर खुंट्या पिळाव्या लागतात. कोरड्या हवेनें डबल बासच्या लांकडाचे सांधेही उकलतात. सरसानें ते पुन्हा चिकटवावयाचे आणि संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत वाळतील कीं नाहीं, या चिंतेंत दुपार घालवावयाची.

आतां हा लांकडी बास खानदेशांत आला कसा, तें पाहूं. तो रेल्वेबरोबर आला असें म्हणणेंच सयुक्तिक होईल. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली. पुढच्या दशकांत जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग खानदेशांत येऊन भुसावळ हें मोठें जंक्शन झालें, आणि १८७० सालीं मुंबईहून कलकत्त्यापर्यंत अखंड मार्ग तयार झाला. नोकरीनिमित्त ड्रायव्हर, गार्ड, फिटर, कारकून अशा नात्यानें गोव्याचीं, मद्रासेकडचीं व अँग्लो-इंडियन अशीं अनेक ख्रिस्ती कुटुंबें रेल्वेच्या वसाहतींत राहावयास आलीं. अशा वसाहतींतून रेल्वे इन्स्टिट्यूट असे, आणि नाताळ व नवें वर्ष या दिवसांत तेथें नाच होत. दिवसा जो मनुष्य कारखान्यांत इंजिनाचीं चाकें दुरुस्त करी तोच रात्रीं काळा कोट घालून वाद्य वाजवी, हा प्रकार रेल्वेच्या गांवांना नवा नव्हता. बाहेरून वादक आणावयाचे झाल्यास ते आगगाडीनेंच येत. बास हें वाद्य डब्यांत मावणारें नव्हे, म्हणून तें गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्यें चढवावयाचें.

हे वादक बहुधा गोव्याचे असत, आणि त्याचें कारण गोव्याच्या देवळांतच आहे. सोळाव्या शतकापासून तेथें धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांस प्रार्थनेबरोबर स्वरलिपीही शिकविली जाई. 'मेस्त्र' म्हणजे संगीतशिक्षक मुलांकडून स्वर घोटवून घेई, व्हायोलिन हातीं देई. आणि सणाच्या मिस्सेंत किंवा लितानीच्या वेळीं तींच मुलें वाजवीत. बासला पोर्तुगीज भाषेंत रबेकांव म्हणतात. एवढें शिक्षण घेतलेल्या तरुणास गांवांत पोटापुरतें काम मिळत नसे. तेव्हां तो मुंबईस जाऊन धोबीतलावच्या बाजूस आपल्या गांवाच्या 'कुडां'त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, पेटी ठेवी व काम शोधूं लागे.

मुंबईंत काम दोन ठिकाणीं होतें. एक हॉटेलांत. १९३५ सालीं ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णी वादकाचा जाझ बँड आला, आणि त्या संगीताचा नाद मुंबईच्या वादकांस लागला. त्या पद्धतींत बासची काठी बाजूस ठेवून तारा बोटांनीं ओढावयाच्या व ठेक्याच्या प्रत्येक मात्रेस एक स्वर द्यावयाचा असतो. चार तास असें वाजवावयाचें म्हणजे बोटांस फोड येतात, ते फुटतात, मग घट्टे पडतात. आणि घट्टे पडल्यावरच बासवाला तयार झाला असें मानतात. दुसरें काम चित्रपटांचें. १९३१ सालीं 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट निघाला, आणि हळूहळू स्टुडिओंस स्वरलिपि वाचून लगेच वाजविणारीं माणसें हवीशीं झालीं. मुंबई सरकारचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आल्यावर हॉटेलांतील नाचगाणीं ओसरलीं व पुष्कळ वादक स्टुडिओकडे वळले. तेथें सकाळीं बोलावणें येई. संध्याकाळपर्यंत एकच गाणें पुनःपुन्हा वाजवावें लागे. सर्व वादकांचें ध्वनिमुद्रण त्या काळीं एकत्रच होत असल्यामुळें एकाचा स्वर चुकला तरी सर्वांस आरंभापासून वाजवावें लागे. खालचा स्वर चुकला तर तो झांकतांही येत नाहीं, कारण त्यावरच बाकीचे सर्व उभे असतात.

परंतु या सर्व कष्टांहून कठीण अशी एक गोष्ट होती, आणि ती आमच्या वाचकांस विशेषेंकरून जाणवेल. नाच शनिवारीं रात्रीं असावयाचा. तो मध्यरात्रीनंतर संपावयाचा. आणि वादकांचें जेवण पाहुण्यांचें झाल्यावर. त्या काळीं पवित्र कम्युनियन घेणाऱ्यानें मध्यरात्रीपासून अन्न किंवा पाणीही घेऊं नये असा ख्रिस्तसभेचा नियम होता. म्हणजे सायंकाळपासून उभा राहून वाजविणाऱ्या माणसापुढें रात्रीं एक वाजतां गरम जेवणाचें ताट येई, तेव्हां त्यानें जेवावें व सकाळच्या मिस्सेंत मागच्या बांकावर बसून राहावें, किंवा उपाशीं निजावें व वेदीपुढें जावें, असा प्रश्न त्याच्यापुढें दर आठवड्यास उभा राही. कोणी काय केलें याचा हिशेब ठेवणारे आपण नव्हे. पोप बारावे पायस यांनीं १९५३ सालीं पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें ठरविलें, १९५७ सालीं अन्नाचा उपवास तीन तासांवर आणिला, आणि १९६४ पासून तो एका तासावर आला. सायंकाळच्या मिस्सेची मोकळीकही याच काळांत मिळाली. हे निर्णय सर्वांकरितां होते. पण आमच्या मतें रात्रीं काम करणाऱ्या मजुरांस, पहारेकऱ्यांस, रेल्वेच्या गार्डांस आणि वादकांस त्यांचें मोल सर्वांत अधिक कळलें असेल.

देवळांत मात्र वादकाच्या वाद्यास पुष्कळ दिवस संकोचानें वागावें लागलें. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस यांनीं धर्मसंगीताविषयीं जो आदेश काढिला, त्यांत ऑर्गनला मान देऊन पियानो व ढोल हीं वाद्यें मंदिरांत वर्ज्य ठरविलीं, आणि बँडास मंदिरांत वाजविण्याची मनाई केली. नाटकगृहांतील चाली वेदीपाशीं येऊं लागल्या होत्या, हें त्याचें कारण. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं, उपासनेस साजतील अशीं इतरही वाद्यें योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास मोकळीक दिली. त्यामुळें आज आमच्या गायकवृंदांत पेटी व तबला यांच्या शेजारीं बास गिटार घेऊन एकादा तरुण उभा राहतो. हें त्याचें वाद्य १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यानें बाजारांत आणिलें. डबल बासच्या त्याच चार तारा, तेच स्वर. परंतु वाद्य खांद्यास अडकवून दुचाकीवरही नेतां येतें, म्हणून ब्रेकव्हॅनची गरज उरली नाहीं.

आणि तरीही, सोय वाढली तसें काम वाढलें असें झालें नाहीं. १९८० नंतर विजेच्या पेटींतून हवा तो स्वर काढतां येऊं लागला. स्टुडिओंत पन्नास माणसांच्या जागीं दोघे-तिघे पुरूं लागले. आमच्या खानदेशांतील वरातींतही डीजेच्या भिंतीनें बँडाचे पुष्कळ मुहूर्त नेले. खर्ज तर पूर्वींपेक्षां मोठा झाला आहे, घरांच्या खिडक्या हालतात इतका. परंतु तो वाजविणारा माणूस त्यांत नाहीं.

नांवाची गोष्टही तशीच. जुन्या तबकड्यांवर गायकाचें व संगीतकाराचें नांव असे, वादकांचें नसे. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेले आंतोनिओ झेवियर वाझ आपल्या साथीदारांसह पडद्यावरच दिसतात; ट्रंपेटवाल्याचें नांव रसिकांस ठाऊक आहे, त्याच्या मागें वाजविणाऱ्यांचीं नांवें किती जणांस सांगतां येतील? गोव्यांतील माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणांत भारतीय रागांवर रचलेल्या संगीताचा वाद्यवृंद सादर केला. त्यांचें नांव देशभर झालें तें १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील एका पात्रास त्यांच्या शिष्यानें, म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांनीं, तें देवविल्यामुळें. ज्यांचे शिष्य संगीतकार झाले नाहींत त्यांच्या नांवांचें काय झालें, तें सांगावयास नकोच.

असो. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे. गायकवृंदाची जी वही आपल्या मंदिरांत असते, तींत गीतांचे क्रमांक लिहिले जातात. त्याच पानावर त्या दिवशीं कोणीं काय वाजविलें, हें एका ओळींत लिहून ठेवावें. खर्ज देणाऱ्याचें नांवही विसरूं नये. आणि सणाच्या रात्रीं पंगत बसली म्हणजे वादकांस शेवटीं न बसवितां आधीं वाढावें. कारण त्यांचें काम आपलें जेवण संपल्यावर पुन्हा सुरू व्हावयाचें असतें. पुढील ज्युबिलीच्या वेळीं जो कोणी हा इतिहास लिहील त्यास तीं नांवें वहींत सांपडतील, आणि आम्हांस जी उणीव या पानांत ठेवावी लागली ती त्यास ठेवावी लागणार नाहीं.