रास्पबेरी पायसाठी अ‍ॅडाप्टर निवडताना

एटीएम कार्डाएवढ्या बोर्डवर संपूर्ण संगणक सामावणारा ‘रास्पबेरी पाय’ ब्रिटनमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. महाविद्यालयीन प्रकल्पांपासून घरगुती सर्व्हरपर्यंत अनेक कामांसाठी तो वापरला जातो. मात्र त्याला वीज पुरवणाऱ्या अ‍ॅडाप्टरकडे सहसा दुर्लक्ष होते. घरातला मोबाइलचा जुना चार्जर जोडला जातो आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे, मेमरी कार्डावरील माहिती खराब होणे अशा तक्रारी सुरू होतात. दोष बोर्डला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये असतो.

चार्जर का पुरत नाही?

मोबाइलमध्ये बॅटरी असते. चार्जरचा दाब थोडा घसरला, तर चार्जिंग मंदावते, इतकेच. रास्पबेरी पायमध्ये बॅटरी नसल्याने दाब घसरताच त्याचा परिणाम थेट प्रोसेसरवर होतो. कार्डावर माहिती लिहिली जात असतानाच वीज तुटली, तर ती माहिती कायमची गमावण्याची भीती असते.

केबलचा वाटा

अ‍ॅडाप्टरवरील आकडा बोर्डपर्यंत तसाच पोहोचत नाही. केबलमधील तारांचा एकूण रोध ०.२ ओहम असेल आणि प्रवाह २.५ अँपिअर असेल, तर वाटेतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. ५.१ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरमधून बोर्डला ४.६ व्होल्टच मिळतात. दाब सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेला, की अनेक मॉडेल कमी दाबाचा इशारा देतात. म्हणूनच कंपनीच्या अ‍ॅडाप्टरचा दाब ५ ऐवजी ५.१ व्होल्ट ठेवलेला असतो. केबल आखूड आणि जाड तारेची असावी.

कोणत्या मॉडेलला किती?

‘पाय ३’साठी २.५ अँपिअरचा मायक्रो-यूएसबी, तर २०१९ च्या ‘पाय ४’साठी ३ अँपिअरचा यूएसबी-सी अ‍ॅडाप्टर सुचवला जातो. २०२३ च्या ‘पाय ५’साठी ५ अँपिअरची, म्हणजे सुमारे २७ वॉटची शिफारस आहे. ३ अँपिअरवरही ‘पाय ५’ चालतो; पण यूएसबी उपकरणांना मिळणारा एकूण प्रवाह १.६ अँपिअरऐवजी ०.६ अँपिअरवर मर्यादित होतो. बाहेरची हार्ड डिस्क जोडणाऱ्यांना हा फरक जाणवतो.

येथे वॉटचा मोठा आकडा फसवा ठरू शकतो. लॅपटॉपचा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर ती शक्ती २० व्होल्टला देतो. ५ व्होल्टला तो सहसा ३ अँपिअरच पुरवतो. उलट, दाब योग्य असल्यास जास्त अँपिअरच्या अ‍ॅडाप्टरने नुकसान होत नाही, कारण बोर्ड गरजेपुरताच प्रवाह घेतो.

खरेदीपूर्वी आणि नंतर

अ‍ॅडाप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहावा. वापर सुरू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह किंवा कमी दाबाचा संदेश दिसला, तर आधी केबल आणि मग अ‍ॅडाप्टर बदलून पाहावा. नवा बोर्ड विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.