महिन्यातला एक दिवस आणि उरलेले सत्तावीस

श्वास मोकळा झाला की दम्याचा रोगी पंप बाजूला ठेवतो. मंडळी, वर्ध्यानं हे कुष्ठरोगात फार आधी पाहिलंय. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनच्या डॉ. वारदेकरांनी घरोघर शोध, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. पण डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यायचं. चट्टे फिकटले की गोळी सुटायची. कधी मजुरी बुडते म्हणून, कधी चारचौघांच्या धाकानं. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला संकल्पाची दुर्बलता म्हणतो. मला तो रोग्यावर अन्याय वाटतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. तो सुरुवातीलाच राबवणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा होता. महिन्यातून एकदा रिफॅम्पिसिन कार्यकर्त्यासमोर गिळायचं, बाकीचे २७ दिवस डॅप्सोन घरी, रोग्याच्याच भरवशावर. ठरल्या दिवशी रोगी आला नाही, तर कार्यकर्ता त्याच्या दारी.